आत काय आहे ते आधी सांगा

आमच्या मॅडम माणसांची ओळख करून द्यायच्या ती अशी : "हे कृषी कार्यालयातून आलेत. बोलणं मुद्द्याचं आहे, पण लांब आहे. खुर्ची घ्या." समोरचा माणूस आधी बावरायचा, मग हसायचा, आणि खुर्ची ओढून खरंच मुद्द्याचं बोलायचा. स्वतःच्या बाबतीतही तोच नियम. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "काम आहे. छोटं आहे. वाईट बातमी नाही." एकदा मी फोन घरी विसरून शेतात गेले होते, तेव्हा तो माझ्या आईनं उचलला. संध्याकाळी आई म्हणाली, "तुही मॅडम चांगली हाय वो. कायजी करा का नोको करा, थे आधीच सांगून देते."

त्यांनी लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गोष्ट लांब आहे आणि कंटाळवाणी आहे. ऐकायची?" आजवर कुणी हो म्हटल्याचं मला माहीत नाही.

मॅडम यवतमाळच्या. वडील वकील, भाऊ नोकरदार, घरात पुस्तकांची कपाटं. त्या इंजिनिअर झाल्या, नागपूरला रेडिओत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली, आणि निवृत्तीला अवकाश असताना नोकरी सोडून पांढरकवड्याला आल्या. इथं एका छोट्या संस्थेत त्यांनी आवाजाची सेवा सुरू केली. शेती, पाऊस, दवाखाना, शाळा, जंगलातली जनावरं यांबद्दलची माहिती रोज रेकॉर्ड करायची आणि गावोगावी पोचवायची. भाषा तीन. आपली वऱ्हाडी, गोंडी आणि कोलामी. ऑफिस हायवेजवळ, टायरवाल्यांच्या गल्लीत. भिंतींना गोधड्या खिळ्यांनी ठोकून केलेली खोली हा आमचा स्टुडिओ. हैदराबादकडं जाणारा एखादा ट्रक हॉर्न वाजवत गेला की सगळं परत पहिल्यापासून.

मी दारव्ह्याची. घरी कापूस, सोयाबीन, तूर. यवतमाळला कॉम्प्युटर शिकले आणि मैत्रिणी पुण्याला गेल्या तशी आपणही जाऊ, तोवर इथं हात साफ करू, अशा हिशेबानं मॅडमकडं लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत नुसते फोन. जुने, बटणांचे, मोठ्या पडद्याचे, पडदा फुटलेले, पाठीला रबर बांधलेले.

"आजपासून हे तुझं सासर," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाची आवडनिवड वेगळी. ह्याला व्हिडिओ चालतो. ह्याला चालत नाही, फक्त आवाज. ह्याला आवाजसुद्धा बारीक करून द्यावा लागतो, मोठी फाईल दिली की बंद पडतो. हा दिसायला गेलेला आहे, पण काम चोख करतो."

आमचं काम समजायला फारसं अवघड नाही. इंटरनेटवर आमची एक यादी होती, तिला फीड म्हणतात. नवं रेकॉर्डिंग झालं की त्या यादीत एक नोंद वाढायची. गावातले फोन आणि यंत्रं अधूनमधून यादी पाहायची आणि नवं काही आलं असेल तर उतरवून घ्यायची. ज्यांच्याकडं मोठे फोन होते त्यांना व्हिडिओ. ग्रामपंचायतीच्या भोंग्याला आम्ही एक पेटी जोडून दिली होती, तिला फक्त आवाज. आणि बटणांच्या फोनवाल्यांसाठी एक नंबर. त्यावर मिसकॉल दिला की आमच्या ऑफिसातलं यंत्र उलट फोन करून सगळ्यात बारीक, म्हणजे कमी जागा घेणारी, आवाजाची फाईल ऐकवायचं. म्हणजे एकाच निरोपाची तीन रूपं. कोणतं रूप कुणी घ्यायचं हे यंत्रानं ठरवायचं, आणि ते ठरवणार कशावरून, तर नोंदीत आम्ही लिहिलेल्या वर्णनावरून. व्हिडिओ की आवाज, कोणत्या प्रकारचा, किती वजनाचा, किती वेळाचा, कोणत्या भाषेतला.

हे वर्णन म्हणजे मॅडमचा जीव की प्राण होता. रेकॉर्डिंगमध्ये कोंबडा आरवला तर त्या सोडून द्यायच्या, पण वर्णनात चूक खपायची नाही. 'साधारण' हा शब्द ऑफिसात बंद. "माहीत नसेल तर माहीत नाही लिही. साधारण लिहिलं की समोरच्याला वाटतं तुला माहीत आहे."

मी एकदा कंटाळून म्हणाले, "मॅडम, इतकं बारीक पाहते कोण?"

"यंत्र पाहतं. माणूस आपली चूक पोटात घालतो, यंत्र घालत नाही. पाकिटावर एक आणि आत दुसरं असलं की ते आत बघायला जातच नाही. सरळ पुढं जातं."

राहणी अशी की सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. दुपारी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी उभ्याउभ्या खायच्या, बसलं की झोप येते म्हणून. आठवडी बाजारात पिशवी घेऊन जायच्या आणि पिशवी रिकामी घेऊन यायच्या, कारण भाजीऐवजी लोकांचे फोन पाहण्यात वेळ गेलेला असायचा. "दादा, फोन दाखवता का जरा? परत देते." एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एकदा वणीच्या गाडीत एका आजोबांनी फोन घट्ट धरून कंडक्टरला हाक मारली होती. कंडक्टर म्हणाला, "द्या हो आजोबा. मॅडम हायेत थ्या. चोर नाई." त्या फोनमध्ये आमचा आवाज वाजतो का हे मॅडमनी पाहिलं. वाजला नाही. तो फोन ज्या कंपनीचा होता तसाच एक त्यांनी कुठून तरी पैदा केला, आणि पुढचे काही दिवस त्याला कोणतं रूप मानवतं ते शोधण्यात आम्ही घालवले.

पुण्याला जायचं माझं मागं पडत गेलं ते असंच.

मग शहरातली एक मोठी संस्था आली. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडं मोठी यंत्रं होती, छान ॲप होतं, आणि आमची फीड त्यांनी चालवायला घ्यावी अशी आमच्या अध्यक्षांची इच्छा होती. अध्यक्ष यवतमाळचे वयस्कर गृहस्थ, सज्जन. त्यांना वाटायचं आपलं काम लहान राहून जाईल. बोलणी करायला एक तरुण इंजिनिअर आला. चुणचुणीत, नम्र. म्हणाला, "मॅडम, एकच प्रकार ठेवू. व्हिडिओ. आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत."

मॅडम म्हणाल्या, "चला, चहा घेऊ."

हायवेवरच्या धाब्यावर गेलो. ट्रकवाले होते, बाजारला आलेली माणसं होती. मॅडमनी मधलं टेबल मोकळं करून घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, "भाऊ, आपापले फोन इथं ठेवा. पाहून परत देते. चहा माझ्याकडून." ओळखीची माणसं, हसत उठली. टेबलावर फोनांचा ढीग झाला. बटणांचे, चिकटपट्टी लावलेले, एक तर नुसता टॉर्च म्हणून वापरला जाणारा. मोठ्या पडद्याचेही होते, पण त्यातल्या एकाचा मालक म्हणाला, "नेट नाई ना बाप्पा आमच्या गावात. पोरगं इथी आणते, गाने भरून नेते."

तरुण इंजिनिअर लाजला नाही, हे मला आवडलं. त्यानं एकेक फोन उचलून पाहिला. मग म्हणाला, "हे फोन जातील हो मॅडम. दोनतीन वर्षांत."

"जातील," मॅडम म्हणाल्या. "तोवर कपाशीवरची फवारणी थांबवता येते का बघा."

शेवटी तडजोड झाली. फीड ते चालवणार, पण तिन्ही रूपं ठेवणार आणि प्रत्येकाचं वर्णन लिहिणार. पंचायतीच्या पेट्या त्यांच्या यादीला जोडल्या गेल्या. आमची यादी बंद करा असं अध्यक्षांनी सांगितलं. मिसकॉलचं यंत्र मात्र कुणाला नको होतं, म्हणून ते आमच्याकडं राहिलं, आणि त्या यंत्राला काहीतरी यादी लागतेच, या सबबीवर मॅडमनी आमची यादीही चालू ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "दुहेरी काम कायले करता?" मॅडम म्हणाल्या, "सवय आहे."

फवारणीचा हंगाम आला. कपाशी छातीला लागली होती. अशा कपाशीत फवारा मारला की औषध अंगावर येतं, तोंडावर येतं. त्या वर्षी दुकानांतून दोन औषधं एकत्र करून मारायचं खूळ पसरलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात माणसं येऊ लागली. डोळ्यांपुढं अंधारी, घाम, उलट्या. आम्ही लगेच डॉक्टरांना भेटून निरोप तयार केला. औषधं मिसळू नका. वारा समोरून असताना मारू नका. त्रास झाला तर शेताबाहेर या, कपडे काढा, साबणानं अंग धुवा, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. कोलामीत तो निरोप गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आमच्या आशाताईंनी सांगितला. निरोप गेला. दोन्ही याद्यांवर चढला. आम्ही निश्चिंत.

मॅडम निश्चिंत नव्हत्या. निरोप जिवाशी आलेला असला की तो लागायच्या वेळी एखाद्या गावात जाऊन भोंग्याखाली उभं राहायचं, ही त्यांची जुनी खोड. त्या सकाळी त्या केळापूरकडच्या एका गावात गेल्या होत्या. त्यांचा फोन आला.

"काम आहे. मोठं आहे. बातमी वाईट आहे. भोंगा मुका आहे."

"लाईट गेली असेल, मॅडम."

"लाईट आहे. पेटी चालू आहे. शोध."

मी त्या संस्थेची यादी उघडली. आमचा निरोप तिथं होता. आवाजाची फाईल होती, मी उतरवून ऐकलीसुद्धा, आशाताई व्यवस्थित बोलत होत्या. मग वर्णन पाहिलं. आवाजाच्या फाईलवर लिहिलं होतं, व्हिडिओ. तिच्या मागच्या नोंदीवरही व्हिडिओ. मागं जात गेले. त्यांचं यंत्र प्रत्येक नोंदीवर एकच शिक्का मारत होतं. आमच्या पेट्यांना व्हिडिओ चालत नाही, म्हणून पेट्या प्रामाणिकपणे नोंद वाचायच्या, हे आपलं नाही म्हणायच्या आणि पुढं जायच्या. कितीतरी दिवस एकाही गावात भोंग्यावरून आमचा आवाज पोचला नव्हता. आणि कुणाची तक्रार नाही. बंद पडलेला भोंगा तक्रार कशी करणार? लोकांना वाटलं, यांच्याजवळ सांगायसारखं काही नसेल.

मॅडमनी तिथूनच त्या तरुण इंजिनिअरला फोन लावला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडे तर सगळं नीट वाजतंय, मॅडम."

"तुमच्याकडे फवारणी नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यानं चूक मान्य केली, पण दुरुस्तीला पुढचा आठवडा उजाडेल म्हणाला. वरून परवानगी लागत होती. मॅडमनी फोन ठेवला आणि मला लावला. "पेट्या आपल्या यादीला परत जोडायच्या. पेटीत हात घातल्याशिवाय ते होत नाही. लॅपटॉप घे, जीप कर, मला इथून उचल."

"अध्यक्षांना विचारायचं?"

"मी विचारलं. ते म्हणाले, थांबा. मी म्हटलं, थांबता येत नाही. आता तू विचारू नको, म्हणजे तुझ्यावर येणार नाही."

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं अजून जसाच्या तसा आहे. काळी-पिवळी जीप, उन्हाची तिरीप, दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी आणि तिच्यात पाठीवर पंप घेतलेली माणसं. मॅडम प्रत्येक गावात आधी पंचायतीच्या सेवकाला गाठायच्या. "दार उघडा. काम छोटं आहे. तुमचं काही बिघडणार नाही." मी स्टुलावर चढून पेटीत नवा पत्ता घालायची. मग आम्ही खाली उभ्या राहायचो. पेटी यादी पाहायची, वर्णन वाचायची, आणि भोंगा घसा खाकरल्यासारखा खरखरायचा. आशाताईंचा आवाज गावावर पसरला की मॅडम मान हलवायच्या आणि जीपकडं चालू लागायच्या. एका गावात सेवक म्हणाला, "मॅडम, पानी तरी घ्या." मॅडम म्हणाल्या, "परत येते. तेव्हा निवांत बसते." आणि एका शेताशी जीप थांबवून त्या स्वतः बांधावर उतरल्या, पंपवाल्याला हात करून ओरडल्या, "दादा, वारा पाहा! पाठ फिरवा!" तो माणूस खरंच वळला.

सगळी गावं त्या दिवशी झाली नाहीत. उरलेली दुसऱ्या दिवशी केली.

नंतरच्या बाजारच्या दिवशी एक बाई ऑफिसात आली. सोबत नवरा, चेहरा उतरलेला, पण चालत आलेला. जंगलाकडच्या पोडावरची, कोलाम बाई. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ती आमच्याशी वऱ्हाडीत बोलली.

"भोंग्यावर आमची बोली ऐकू आली म्हनून मी उभी राह्यली," ती म्हणाली. "आमची बोली कोन लावते भोंग्यावर? म्हनून आयकलं. मंग परवा ह्याले शेतात चक्कर आली. घाम, निरा घाम. अर्धं याद होतं, अर्धं नाई. शेजारनीनं नंबरवर मिसकॉल देला. परत आयकलं. कपडे काढले, साबन लावली, शीशी पदरात बांधली अन् जीपवाल्याच्या पाया पडली."

डॉक्टरांनी बाटली पाहून लगेच औषध सुरू केलं होतं. उशीर केला नाही म्हणून निभावलं, असं ते तिला म्हणाले होते.

मॅडमनी त्या नवऱ्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, आणि विचारलं, "आवाज मधे तुटला का?"

"नाई तुटला."

"फोनवर लवकर लागला?"

"लागला. पन बाई, थे बोलनारी लय हळू बोलते. तिले जराक जोरात बोलायले सांगा."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. त्या उठल्या, गोधड्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. आशाताईंना निरोप धाडला की पुन्हा रेकॉर्ड करायचं आहे, काम छोटं आहे, जोरात बोलायचं आहे.

अध्यक्ष आले. खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आदेश मोडला."

"मोडला. लेखी द्या, मी सही करते."

त्यांनी टेबलावरच्या डब्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "लेखी राहू द्या. भाकर हाय का?" आणि मॅडमच्या डब्यातली जवसाची चटणी खाऊन गेले. तो तरुण इंजिनिअरही नंतर स्वतः आला, आमच्या कपाटासमोर मांडी घालून बसला आणि एकेका फोनवर आपल्या यादीचं वर्णन तपासत राहिला. आज त्यांच्या यंत्रावर दुसऱ्या जिल्ह्यांचंही काम चालतं, आणि तिथंही प्रत्येक नोंदीवर खरं वर्णन जातं. ही पद्धत कुठली असं कुणी विचारलं तर तो पांढरकवड्याची म्हणून सांगतो. मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर कारण नसताना हसत होते.

मॅडमचे गुडघे गेले तशा त्या यवतमाळला आपल्या घरी राहायला गेल्या आणि ऑफिस माझ्याकडं आलं. फोन व्हायचे. हळूहळू त्यांच्याकडून फोन कमी झाले. मी केला तरी उचलायच्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी न कळवता जाऊन उभी राहिले. दार उघडून त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं.

"आधी सांगते," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीपेक्षा मोठा होता. "कान गेलेत. मशीन लावून पाहिलं, उपयोग नाही. बातमी एवढीच आहे. रडायचं नाही."

मी रडले. आयुष्यभर आवाजाचं काम केलेली बाई. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि माझं होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "मला एक सांग. आपल्या फीडमध्ये माझ्यासाठी काय आहे?"

मी मान हलवली. काही नव्हतं.

"व्हिडिओ आहे, त्यातही बोलणंच. मोठा आवाज आहे, बारीक आवाज आहे. मी एवढी वर्षं बाजारात लोकांचे फोन पाहिले. गावात ऐकू न येणारी माणसं नव्हती का? होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. मी फोन पाहत होते." स्वतःवर रागावलेल्या मॅडम मी पहिल्यांदा पाहत होते. तो राग फार टिकला नाही. "चौथं रूप कर. अक्षरं. मोठी, साध्या भाषेत. वर्णनात लिही की हे वाचायचं आहे."

परत येऊन आम्ही कामाला लागलो. बोललेलं जसंच्या तसं लिहून काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. कोलामी तर देवनागरीत लिहायची म्हणून आशाताई आणि मी तासन् तास भांडलो. पण झालं. पहिली लेखी नोंद चढली ती तुरीवरच्या अळीची, मराठीतली. ती घेऊन मी यवतमाळला गेले आणि मॅडमच्या फोनवर उघडून दिली.

त्यांनी चष्मा लावला. आधी वर्णन वाचलं, मान हलवली. मग ओसरीवर उभ्या राहून निरोप वाचायला लागल्या, मोठ्यानं. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. पण शब्द स्वच्छ, थांबायचं तिथं थांबणं. नागपुरात त्यांनी यंत्रंच सांभाळली, मायक्रोफोनसमोर त्यांना कुणी बसवलं नव्हतं. बसवायला हवं होतं. अळी कशी ओळखायची, केव्हा फवारायचं, केव्हा नाही. रस्त्यानं संत्र्यांची गाडी ढकलत एक माणूस चालला होता. तो थांबला. तराजू हातात तसाच धरून त्यानं पूर्ण निरोप ऐकला. मागून येणाऱ्या दोन बायाही थांबल्या.

वाचून झालं. मॅडम पुन्हा फोनमध्ये डोकं घालून एक वेलांटी तपासू लागल्या. संत्रेवाला फाटकाशी आला आणि मला विचारलं, "ताई, ह्या बाई कोनत्या रेडिओवर हायेत?"

मी म्हणाले, "आमच्या."